परीक्षा होईपर्यंत

स्टेट कॉलेज नावाच्या या अमेरिकन गावातली ती बिल्डिंग अजून उभी आहे. विटा त्याच, जिना तोच, फक्त कचऱ्याचे डबे इकडचे तिकडे गेलेत. समोर भाड्याची गाडी लावून मी बसले होते आणि माझं डोकं तापलं होतं. चोवीस वर्षांत ते थंड व्हायला हवं होतं. झालं नाही.

दुसऱ्या मजल्यावर आम्ही चौघी राहायचो, सगळ्या महाराष्ट्रातून पीएचडी करायला आलेल्या. पीएचडीत टिकायचं की नाही हे ठरवणारी माझी क्वालिफायर अकरा दिवसांवर असताना नाशिकला बाबा गेले. आईने मला कळवलं नाही, रूममेटला कळवलं. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं, परीक्षा होईपर्यंत हिला सांगायचं नाही.

मी फोन केला की आई म्हणायची, "बाबा झोपलेत गं." सकाळी झोपलेत, दुपारीही झोपलेत. मला शंका कशी आली नाही, याचाही राग येतो. दहाव्या दिवशी तिकडे गोदावरीवर माझा भाऊ पिंडाला कावळा शिवायची वाट बघत होता आणि इकडे मी एका रूममेटच्या वाढदिवसाचा केक खात होते. त्याचा फोटो आहे. त्यात मी तोंडभर हसतेय, आणि माझ्या दोन्ही बाजूंच्या पोरींना सगळं माहीत आहे.

परीक्षा झाल्यावर त्यांनी सांगितलं, ताटात गरम खिचडी वाढून. "तुझ्याच भल्यासाठी यार," एक म्हणाली. मी पास झाले. कसलं डोंबलाचं भलं! बाप गेल्यावर रडायचे ते अकरा दिवस माझे होते. ते यांनी मला न विचारता काढून घेतले. हेतू चांगला होता म्हणे. घाला तो हेतू चुलीत.

आता माझी मुलगी इथेच शिकते, त्या बिल्डिंगपासून दोन बसस्टॉप पुढे राहते. मी तिच्यासाठीच आले होते. तिची आजी, म्हणजे माझ्या सासूबाई, नागपूरला वारल्या होत्या. शाळा संपेपर्यंत सनीव्हेलच्या आमच्या घरी त्यांनीच हिला वाढवलं. नवरा तातडीने नागपूरला गेला होता. गाडीतच त्याचा फोन आला.

"उद्या लास्ट पेपर आहे ना तिचा? एक दिवस थांब. मग सांग."

"तू मला हे सांगतोस? मला?" मी एवढी ओरडले की रस्त्यावरच्या माणसाने वळून बघितलं. मी फोन कट केला आणि तडक तिचं घर गाठलं.

दारातच सांगितलं. खिचडीबिचडी काही नाही. ती चपलांच्या ढिगाशेजारी खाली बसली. बराच वेळ रडली. मग नाक पुसत म्हणाली, "व्हेन?"

"रविवारी."

आज गुरुवार होता. तिने माझ्याकडे बघितलं.

"आई, आजी फोन उचलत नव्हती, सो आय कॉल्ड यू ऑन ट्यूजडे. यू सेड आजी झोपलीये."

"अगं, इकडे यायचं विमानाचं तिकीट मिळत नव्हतं," मी म्हणाले.

तिकीट सोमवारीच मिळत होतं. बुधवारी तिचा सगळ्यात अवघड पेपर होता, आणि तो मी होऊ दिला होता.