गंजक्या डब्यातले केस

आमची ही गटाराच्या पाण्यातून वीज काढते. असं सांगितलं की खुर्चीतलं गिऱ्हाईक आधी आरशातून माझ्याकडे बघतं आणि मग माझ्या हातातल्या वस्तऱ्याकडे. पण खरं आहे. ती प्रयोगशाळेत, मी केशकर्तनालयात. लग्नात तिच्या मामानं नाक मुरडून विचारलं होतं, यांचं जमणार कसं? आमचं जमलं. मामाचं मामीशी अजून जमायचंय.

तिच्या बरण्यांमध्ये जंतू असतात. ते घाण खातात आणि खाता खाता आतल्या पट्टीवर वीज सोडतात. तारेतून ती हवेकडच्या दुसऱ्या पट्टीवर जाते. तिथे हवेतल्या ऑक्सिजननं ती उचलायची, पण हा गडी जागचा हलत नाही. त्याला कामाला लावायला पट्टीवर लेप द्यावा लागतो. प्लॅटिनमचा लेप झकास, पण म्हणजे गटाराला दागिने घालण्यासारखं. स्वस्तातला लेप शोधण्यात हिची उमेदीची वर्षं गेली.

एकदा ती दुकानात आली नि केस ठेवायच्या डब्याकडे बघत राहिली. म्हणाली, केसांत नायट्रोजन असतो, जाळून कोळसा केला तर लेप होईल. नेले केस. आणि काय सांगू, तो कोळसा जवळजवळ प्लॅटिनमच्या तोडीस तोड चालला. तिच्या साहेबांनी सगळीकडे मिरवून घेतलं. साहेबांना पूर्ण टक्कल आहे. म्हणजे या संशोधनात त्यांचा एका केसाचाही वाटा नाही.

अहवालात हिनं लिहिलं, केस 'स्थानिक सलून'मधून. प्रयोगशाळेत कुणी विचारलं तर नवऱ्याचा 'स्वतःचा व्यवसाय' आहे. मला ते लागलं, खोटं कशाला बोलू.

आता गंमत बघा. दिवसभर घाणीत हात घालणारी ही बाई स्वच्छतेची वेडी. केस ठेवायचा माझा डबा वडिलांच्या वेळचा, लोखंडी. तो तिनं एके दिवशी भंगारवाल्याला देऊन टाकला आणि घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा पिंप आणला. नव्या पिंपातल्या केसांचा कोळसा केला, तर बरणी ढिम्म. पुन्हा केला, पुन्हा ढिम्म. इकडे तपासणी समिती येऊन ठेपलेली. समितीपुढे तसाच लेप पुन्हा करून दाखवता आला नाही तर हिचं टेबल दुसऱ्याला आणि ही घरी. वर साहेबांनी विचारलं, "पहिले आकडे खरेच होते ना?"

ती जेवली नाही. मी म्हटलं, "त्यांच्या डोक्यावर काय उगवलंय ते आधी दाखवा म्हणावं." एरवी हसली असती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती दुकानात येऊन बाकावर बसली. मी एकाची दाढी करत होतो. पेन खाली पडलं म्हणून ती वाकली, वडिलांच्या वेळच्या लोखंडी खुर्चीच्या पायाला धरून उठली आणि तळहाताकडे बघत राहिली. हात तांबूस झाला होता.

"अहो, तो डबा आतून गंजलेला होता?"

"आतून, बाहेरून. त्याला तळ होता हेच नवल."

"आणि केस ओले असायचे."

"मग? फवारा मारल्याशिवाय कापू कसे?"

तिनं कपाळावर हात मारून घेतला. ओल्या केसांना गंज लागत होता. केसांतला नायट्रोजन आणि गंजातलं लोखंड एकत्र भाजले गेले, म्हणून तर लेप चालला होता. जगभरचे शोधनिबंध वाचून जे शोधत होती, ते तिनंच भंगारात दिलं होतं.

"वस्तरा द्या एखादा जुना," म्हणाली, आणि खाली बसून वडिलांच्या खुर्चीचा पाय खरवडायला लागली. वर अर्ध्या गालाला साबण लावलेलं गिऱ्हाईक जीव मुठीत धरून बसलेलं. मी म्हटलं, "हलू नका, संशोधन चाललंय."

तो गंज केसांत मिसळून भाजला आणि लेप बसला. बरणी पुन्हा चालली. समितीच्या दिवशी साहेब तिच्या कानात म्हणाले, मधे का बिघडलं ते विचारलं तर 'साठवणुकीतला फरक' एवढंच सांग, डबाबिबा काढू नकोस, शोभत नाही.

संध्याकाळी ती घरी आली, चपला काढल्या आणि दारातच उभी राहिली.

"टेबल राहिलं," म्हणाली.

"मग तोंड असं का?"

"मी सगळं सांगितलं. डबा, गंज, खुर्ची. म्हटलं, दुकान माझ्या नवऱ्याचं आहे. केस ते कापतात."

मी उगाच विचारलं, "मग काय म्हणाले ते?"

"विचारत होते, केस पुरतील ना?"

"आणि साहेब?"

"उद्या दाढीला येतो म्हणालेत."

मी त्याच संध्याकाळी जाऊन खुर्ची पुसून ठेवली. पाय तेवढे पुसले नाहीत.