किराळ म्हणालो नाही

चूक माझी होती. नथ्थूनानांची नव्हती, त्यांनी दिलेल्या चाऱ्याची नव्हती, त्या वर्षी पाठ फिरवलेल्या पावसाचीही नव्हती. एवढं लिहायला मला इतकी वर्षं लागली. बायकोला हे ठाऊक नाही. ज्यांच्याबरोबर रोज संध्याकाळी स्टेशनपर्यंत फिरायला जातो, त्या मित्रांनाही नाही. तुम्हालाच का सांगतोय — नक्की सांगता येणार नाही. कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

मी गुरांचा डॉक्टर. तेव्हा धरणगावच्या दवाखान्यात होतो. साठ ते सत्तरमधली ती शेवटची वर्षं. हायब्रीड जवारी नुकतीच आमच्याकडच्या शेतांत आली होती आणि लोक तिच्याकडे नव्या सुनेकडे बघावं तसं बघत होते. मी मुंबईच्या कॉलेजातून पदवी घेऊन आलेलो. तालुक्यात माझ्याइतकं शिकलेला गुरांचा डॉक्टर नाही, असं मला वाटे — आणि ते मी लपवतही नसे. खात्याचं मासिक टपालाने येई. नवे रोग, नवी औषधं, कुठे काय उपयोगी पडलं याची माहिती त्यात असायची. मी त्याचं वेष्टनही फोडत नसे. बाटल्यांच्या कपाटात खाली अंथरायला ते तसंच छान होतं. जाड होतं.

त्या उन्हाळ्यात धुळ्याला आमच्यासाठी उजळणी वर्ग भरला. जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्ह्यांतले डॉक्टर आले होते. शिकवायला निवृत्तीला टेकलेले एक अधिकारी होते. काळा कोट, सतत खोकला, आणि बोलताना नजर खिडकीबाहेर. मी मागच्या बाकावर बसत असे. मागचा बाक हा आपलाच, असं मानणाऱ्यांपैकी मी.

एका दुपारी ते गुरांना होणाऱ्या विषबाधेबद्दल बोलत होते. पाणी न मिळता खुरटलेल्या जवारीत एक विष तयार होतं. लोक म्हणतात किराळ लागली. जनावर धापा टाकतं, कोसळतं, घटकाभरात जातं. शीर टोचली तर रक्त लालभडक दिसतं, हीच खूण. मग ते म्हणाले, "औषध दवाखान्यात नसेल, तर फोटोवाल्याकडे जा."

आणि मी मागून म्हणालो, "बरोबर आहे. बैल जायच्या आधी त्याचा एक फोटो काढून घ्यावा."

हशा पिकला. सगळा वर्ग हसला. पुढे बसलेले, केस पिकलेले डॉक्टरही हसले. मास्तर — आम्ही त्यांना मास्तरच म्हणत असू — तेही थोडं हसले. मग खोकले. मग त्यांनी पुढचा विषय काढला. फोटोवाल्याकडे काय मिळतं, ते किती द्यायचं, कसं द्यायचं — राहून गेलं. मला कोणी विचारलं नाही. मीही कोणाला विचारलं नाही. संध्याकाळी चहा पिताना दोघांनी माझी पाठ थोपटली, एवढं आठवतं.

इथे जरा थांबतो. आतापर्यंतचं सांगणं सोपं होतं. तरुणपणीचा आगाऊपणा कोणीही कबूल करेल, वर त्याचं थोडं कौतुकही करून घेईल. मला कबूल करायचंय ते हे नाही.

आषाढ सरता सरता पावसाने ओढ दिली. एका सकाळी शेजारच्या गावाहून सायकलवर माणूस आला — झुलालआबांचे बैल पडलेत, चला. मी पोचलो तेव्हा एक बैल गेलेला होता. दुसरा, हरण्या, गोठ्याच्या तोंडाशी पाय ताणून पडला होता. नाकपुड्या फुललेल्या, तोंडाला फेस, आणि दातांत अडकलेली हिरवी पानं. मी ती पानं पाहिली. हे लिहून ठेवतो, कारण पुढे कितीतरी वेळा मी स्वतःला सांगितलं की पाहिली नव्हती.

निम्मं गाव जमलं होतं. ग्रामसेवक पुढे होऊन लोकांना मागे सारत होते. "सरका, साहेबांना वारा लागू द्या. धुळ्याहून नवं शिकून आलेत ते." मी शीर टोचली. रक्त आलं. जास्वंदीसारखं लाल.

मला त्या क्षणी सगळं आठवलं. खिडकी आठवली, कोट आठवला, खोकला आठवला. फोटोवाला आठवला. आणि त्यानंतर — फक्त हशा. तुम्ही कधी स्वतःचंच हसणं असं ऐकलंय, की त्याच्यापलीकडचं काहीच ऐकू येऊ नये? मी हृदयाला जोर यावा म्हणून एक इंजेक्शन दिलं. त्याचा उपयोग नाही, हे देतानाच कळत होतं.

झुलालआबांच्या शेजारी नथ्थूनाना उभे होते. दोघे चुलतभाऊ, बांधाला बांध, विहीर एक. नांगरटीला एकमेकांचे बैल नेत. आबांचा कडबा संपला म्हणून नानांनीच आदल्या संध्याकाळी आपल्या शेतातली हिरवी जवारी कापून, भारा डोक्यावर घेऊन गोठ्यात आणून टाकला होता. तेच पुढे आले. हात जोडलेले नव्हते. हातात अजून दावं होतं.

"डाक्टरसाहेब," ते म्हणाले, "हाई किराळ त नही ना? चारा मीच दिधा व्हता. कमरेइतली जवारी व्हती, तिनी लागत नही असं म्हनतस."

बघा, त्यांनी स्वतःहून सांगितलं. मला फक्त हो म्हणायचं होतं. हो, नाना, किराळ आहे. पावसाने ताण दिला की वाढलेल्या जवारीतही ती धरते. तुमची चूक नाही. एवढंच. मग दोघे भाऊ त्या बैलांपाशी बसून रडले असते, आणि ते रडणं दोघांचं झालं असतं.

पण किराळ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला — मग औषध? आणि ग्रामसेवक तिथेच उभे होते, नवं शिकून आलेले साहेब म्हणणारे.

मी म्हणालो, "नाही. किराळ नाही. विष आहे हे. याला औषध नसतं."

विष! खोटंही नव्हतं ते. किराळ म्हणजे विषच. मी एका खऱ्या शब्दामागे लपलो. झुलालआबांनी माझ्याकडे पाहिलं, मग हळूच नानांकडे. गर्दीतून कोणीतरी विचारलं, "कोनी घालं?"

मी सायकलला पिशवी अडकवत होतो. म्हणालो, "ते मी कसं सांगू? ते तुमचं तुम्ही बघा."

हरण्या मी निघायच्या आतच गेला.

आता यातली क्रूरता कुठली, ते मी स्वतःला खूपदा विचारलंय. औषध माहीत नव्हतं, ती? ती तर नुसती लाज. क्रूरता त्या शेवटच्या वाक्यात होती. गावाला मी एक माणूस दिला आणि मान फिरवली.

पुढे चौकशी झाली नाही, कोणाला शिक्षा झाली नाही. गावात असलं काही लागत नाही. नानांनी कोळपणीला बैल मागितले, तर कोणाचे मोकळे नसत. पारावर ते आले की बोलणं थांबे. विहिरीवर आबांनी वेगळी मोट बसवली. नानांच्या बायकोला हळदीकुंकवाचं बोलावणं येईनासं झालं. त्यांच्या घरची भाकरी कोणाच्या तोंडात जाईना, आणि ते उघड कोणी म्हणेना.

आणि पोळा आला. त्या गावच्या पोळ्याला दरवर्षी डॉक्टरला मान असे. वेशीजवळ खुर्ची मांडून मला बसवलं. तोरणाखालून एकेक जोडी निघाली. शिंगं रंगवलेली, झुली, घुंगरं. बाया दारात पुरणपोळीची ताटं घेऊन उभ्या. नानांची जोडी सगळ्यांच्या शेवटी, जरा अंतर ठेवून चालली. त्यांच्याही शिंगांना बेगड होती. मला वाटतं, त्या वर्षी जास्तच होती. ती जोडी जवळ आली की एकेक दार लोटलं जाऊ लागलं. आवाज न करता — सणाच्या दिवशी दार आपटत नाहीत. नाना प्रत्येक दारापुढे थोडं थांबत आणि पुढे जात. बैलांना काय कळणार, ते लोटलेल्या दारांकडेही मान वाकवत. माझ्या खुर्चीसमोर आले तेव्हा नानांनी मला राम राम केला. मीही केला. माझ्या हातात तेव्हा पोळीचं ताट होतं.

दिवाळीनंतर मी धुळ्याला जाऊन मास्तरांना गाठलं. का गेलो? पश्चात्ताप झाला म्हणून — असं लिहिण्याचा मोह होतोय. पुन्हा असा प्रसंग आला तर आपली फजिती होईल, या भीतीने गेलो. निवृत्त झाले होते, ओट्यावर बसून तांदूळ निवडत होते. त्यांनी सगळं सांगितलं. फोटो धुवायला हायपो वापरतात, मिठासारखे खडे असतात. ते पाण्यात विरघळवून शिरेतून द्यायचं, थोडं पाजायचं. वेळेवर दिलं तर जनावर उठून उभं राहतं. मी निघालो तेव्हा म्हणाले, "त्या दिवशी सांगणारच होतो. वर्गात हशा झाला आणि राहूनच गेलं." हशा कोणी केला, ते त्यांना आठवत होतं की नाही, मला आजही कळलेलं नाही.

धरणगावात फोटो स्टुडिओ माझ्या दवाखान्याच्याच गल्लीत होता. काचेमागे नवरानवरीचे फोटो. मी रोज त्याच्यासमोरून सायकल नेत असे. पुडी मागितली तेव्हा फोटोवाला म्हणाला, "काय डॉक्टर, आता गुरांचे फोटो काढणार का?" मी हसलो नाही, म्हणून तो ओशाळला.

पुढच्या वर्षी त्या पुडीने एका बाईची गाय वाचली. दुसऱ्या गावातली. लोकांनी माझा जयजयकार केला, नारळ दिला. मी घेतला. त्या दिवशी सरळ नानांच्या गावी जाऊन सांगता आलं असतं — ती ही किराळ, ते हे औषध. रस्ता तोच होता. मी फाट्यावरून घरी वळलो.

नंतर बदल्या झाल्या — सावदा, मग धुळे. आता उजळणी वर्गात मीच शिकवतो. विचित्र आहे ना? वेष्टन न फोडणारा मी, तरुण डॉक्टरांना सांगतो, मासिकं वाचा, शिकत राहा, पदवी शिळी होते. हायपोचा धडा मी कधी चुकवत नाही. फोटोवाला म्हटलं की मागे कोणीतरी हसतंच. मी थांबतो, हसू संपू देतो, आणि मग मात्रा सांगतो. सगळ्यांनी लिहून घेईपर्यंत पुढे जात नाही. पण मात्रा सांगतो, बाकीचं गिळतो. या वर्षी एका मुलीने विचारलं, सर, तुम्हाला ही केस पहिल्यांदा कधी दिसली? वर्गात ती एकटीच मुलगी होती, पुढच्या बाकावर. मी तिला त्या बाईच्या गायीची गोष्ट सांगितली. पहिली केस म्हणून. ती मनापासून म्हणाली, "म्हणजे पहिल्याच वेळी तुम्ही ओळखलंत."

त्याच आठवड्यात मी धरणगावची एसटी पकडली.

नानांच्या दारात बैल नव्हते. गोठ्यात लाकडं रचलेली. नाना खूप वाकलेत. मी सगळं सांगितलं. उभ्यानेच, कारण बसा म्हणाले तरी बसवेना. बैल कधी विकले, म्हणून मी मधेच विचारलं — कदाचित विषय थोडा लांबवावा म्हणून.

"त्याच साली," ते म्हणाले. "बैल ठेवा की पोळा येस."

मला वाटलं रागावतील. मी तयार होतो त्याला. ते म्हणाले, "हाई माले काबरं सांगतस डाक्टरसाहेब? मी विष दिधं नही, हाई माले त ठाऊक व्हतं. झुलालले सांगा."

इतकी वर्षं मी माफीची जी वाक्यं मनात घडवत होतो, ती सगळी चुकीच्या घरासाठी होती.

नाना माझ्याबरोबर निघाले. गल्लीत दोन-चार माणसं मागे लागली. झुलालआबा ओट्यावर बाजेवर बसले होते. आता त्यांना कमी दिसतं. नाना पायरीपाशी थांबले. वर चढले नाहीत, चपलाही काढल्या नाहीत. कोण आलंय, आबांनी विचारलं. नानांनी आपलं नाव सांगितलं नाही. मी माझं सांगितलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो —

"आबा, तुमच्या बैलांना कोणी विष घातलं नव्हतं. ती किराळ होती. नथ्थूनानांनी चारा मायेने दिला होता. औषध होतं. मला ते ठाऊक नव्हतं, कारण शिकवत होते तेव्हा मी हसत होतो. नाना त्या दिवशी किराळ म्हणाले, ते खरं होतं. मला ते कळलं होतं, आणि मी नाही म्हणालो. मी खोटं बोललो, आबा. तुमच्याशी बोललो, यांच्याशी बोललो, साऱ्या गावाशी बोललो. माझं चुकलं."