फाटकातलं हळदीकुंकू

"आधी बघून या, मग खा." अंडं हातात धरलेल्या कुणालाही बाई असं म्हणायच्या. रागाने नाही हो, पानात वाढताना म्हणावं तसं.

बाई म्हणजे माझ्या शेजारीण, इथल्याच, मध्य प्रदेशातल्या देवासच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. गावाबाहेरच्या पोल्ट्रीत पंखसुद्धा पसरता येत नाहीत अशा पिंजऱ्यांत कोंबड्या ठेवतात, हे बघून आल्यापासून त्यांना चैन नव्हतं. मालक काही ऐकेना. मग चैत्रात बाईंनी आम्हा बायकांना पोल्ट्रीच्या फाटकातच हळदीकुंकवाला बोलावलं.

"अहो, गौर कधी पोल्ट्रीत बसवतात का?" मी म्हटलं.

"तिलाही बघू दे की!"

सतरंजी अंथरली. अंडी द्यायच्या थांबलेल्या कोंबड्या न्यायला आलेला ट्रक बाहेर अडला. ड्रायव्हर ओरडला, "माताजी, रास्ता छोड़ो!"

"भिया, पूजा चालू है. पहले पन्हा पियो," बाई म्हणाल्या.

तो प्यायला. त्याच्यामागून पोलीस आला, तोही प्यायला, वर "थोडा और" म्हणाला.

पोल्ट्रीच्या आवारातच राहणाऱ्या मालकीणबाई धारच्या, मराठी घरातल्या. दारात आलेल्या गौरीला पाठ कशी दाखवणार? आल्या. बाईंनी कुंकू लावलं, हरभऱ्यांनी ओटी भरली आणि म्हणाल्या, "आता आत बघून येऊ, चला." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण शेडमध्ये त्या कधी गेल्याच नव्हत्या. बाहेर आल्या त्या डोळे पुसत.

त्यांनी नवऱ्यामागे लकडा लावला. एका शेडमधले पिंजरे निघाले. पण कोंबड्यांना चालताच येईना! मोकळ्या जमिनीवरही अंग चोरून बसलेल्या. बाई रोज जाऊन भुशात फतकल मारायच्या. दाणे टाकत म्हणायच्या, "चल गं बाई, अजून एक पाऊल." संध्याकाळी कौतुकाने सांगायच्या, "वहिनी, आज एकीने धुळीत अंघोळ केली!"

पुढे पोल्ट्री विकली गेली. नव्या कंपनीने पिंजरे परत आणले आणि त्याच कोंबड्या त्यांत भरल्या. आम्ही पुन्हा फाटकात बसलो. पण आता तिथे राहणारं घरच नव्हतं. कुंकू लावायचं कुणाला? चौकीदाराला?

गेल्या थंडीत बाईंनी अंथरूण धरलं. मी चहा घेऊन गेले, तर म्हणाल्या, "वहिनी, मी त्यांना चालायला शिकवलंच नसतं, तर बरं झालं असतं का हो?"

मी म्हटलं, "चहा घ्या आधी, गार होतोय."

त्यांनी कप घेतला, पण बघत राहिल्या माझ्या तोंडाकडेच. त्याच आठवड्यात बाई गेल्या. उत्तर द्यायचं राहिलं, ते राहिलंच.