दोन व्हॉल्व्ह

सायकलच्या दुकानातल्या ट्यूबच्या रबराचा वास आला की मला त्र्यंबक रोड आठवतो. पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा वाहतूक हवालदार होतो. बिनदिव्याचे सायकलवाले ट्रकखाली येतात, म्हणून दिवेलागणीला आम्ही त्यांना अडवायचो आणि दोन्ही चाकांचे व्हॉल्व्ह काढून घ्यायचो. त्या संध्याकाळी सातपूरच्या कारखान्यातून सुटलेला एक कामगार सापडला. हँडलला डबा होता, दिवा नव्हता. "साहेब, कडेला चालायला जागाच नाही. सायकलवर निदान पटकन निघून जाईन," तो म्हणाला. "चालणाऱ्याला दिवा लागत नाही," मी म्हणालो. फुस्सकन हवा सुटली तसे बघे हसले, आणि मला ते आवडलं. तो सायकल ढकलत अंधारात गेला. थोड्या वेळाने एका एसटीच्या ड्रायव्हरने गाडी थांबवून सांगितलं, पुढे एक जण ट्रकखाली गेलाय. मी धावलो. त्याचा डबा रस्त्यावर उघडा पडला होता. पंच येण्याआधी मी खिशातले दोन्ही व्हॉल्व्ह चाकांना परत बसवले. पंचनाम्यात लिहिलं, सायकलला दिवा नव्हता. फौजदारांना तो मुद्देसूद वाटला. व्हॉल्व्हचं मी आज पहिल्यांदा लिहितोय.