रस्त्याकडच्या चार ओळी

आमच्या प्रकल्पाच्या अहवालात प्रत्येक गोष्टीला रकाना आहे. तापमानाला आहे, ओलाव्याला आहे, बागेत कोण किती वाजता शिरलं त्यालाही आहे. किस्स्यांना तेवढा नाही. त्यामुळे दोन वर्षांत ते सगळे माझ्याकडेच साचले, आणि मैत्रिणी जमल्या की बाहेर पडतात.

प्रकल्प समजायला सोपा. पानांवरचा ओलावा मोजणारी डबी जर्मनीची, त्यावरून द्राक्षांवर डाऊनी रोग कधी येणार हे आधीच सांगणारं सॉफ्टवेअर जपानचं, आणि बाग दिंडोरीकडच्या अशोकभाऊंची. अंदाज बरोबर निघाला तर फवारण्या वाचणार. मी राहते नाशिक रोडला, आणि या तिघांचे निरोप एकमेकांना पोचवायचं काम माझं. अशोकभाऊंना मात्र डाऊनीपेक्षा मोठी काळजी होती. यंदा शीतलचं, म्हणजे त्यांच्या मुलीचं, लग्न जमवायचं होतं.

*

डेटा कोणाचा, यावर दोन देशांत आठ महिने ईमेल चालले. शेवटी करार झाला. डेटा गुप्त, दोन्ही संस्थांच्या लेखी परवानगीशिवाय बाहेर जाणार नाही.

सह्या झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी बागेचा सगळा डेटा माझ्या मोबाईलवर हजर, एका गुलाबाच्या फुलाखाली! अशोकभाऊंनी डबीच्या स्क्रीनचा फोटो काढून 'शुभ सकाळ'सकट द्राक्ष बागायतदारांच्या ग्रुपवर टाकला होता.

मी फोन लावला. "अहो भाऊ, हे गुप्त आहे!"

"मंग? गुप्त हे म्हणूनच तर एकाच ग्रुपवर टाकलं ना मॅडम!"

*

जर्मन डबीची पिन जपानी केबलमध्ये बसेना. दोघांचंही स्टँडर्ड बरोबर होतं, त्यामुळे चूक कोणाची हे ठरेना. तीन आठवडे नुसता पत्रव्यवहार.

शेवटी मी दोन्ही टोकं पिशवीत घातली आणि अंबडच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या काकांनी चहा येईपर्यंत ती उलटसुलट करून बघितली आणि संध्याकाळी मधला जोड हातात ठेवला. एकदम फिट्ट!

मग दोन्ही देशांनी त्या जोडाचं ड्रॉइंग मागवलं. मी पुन्हा अंबडला.

"ड्रॉइंग?" काका म्हणाले. "जोड घेऊन या उद्या. बघून काढून देतो."

*

दसऱ्याच्या दिवशी जर्मनीतून मार्टिनचा फोन. डबी बनवली ती यानेच. घाबरलेला होता. "तिकडे पाऊस पडतोय का?"

बाहेर लख्ख ऊन. डबी मात्र शंभर टक्के ओलावा दाखवत होती आणि जपानच्या सॉफ्टवेअरचा पडदा लाल झाला होता. डाऊनी येतेय, ताबडतोब फवारा!

मी अशोकभाऊंच्या बायकोला, मंदावहिनींना, फोन लावला. त्या शांतपणे म्हणाल्या, "ट्रॅक्टरला हार घातला, पंपाला घातला. मंग त्या डबीलाच एकटीला बिनहाराची ठेवायची व्हय?"

पाणी शिंपडलेला झेंडूचा हार, नेमका सेन्सरवर!

आता त्या सॉफ्टवेअरमध्ये बिघाडाचं कारण निवडायची यादी आहे. बॅटरी, केबल, धूळ, दसरा.

*

आणि हा स्थळाचा किस्सा.

तुलनेसाठी बागेतल्या चार ओळी बिनफवारणीच्या ठेवायच्या होत्या. रोग खरंच आला होता का, हे त्याशिवाय कळत नाही. कुठल्या चार, ते कॉम्प्युटर चिठ्ठी टाकून ठरवणार. चिठ्ठी निघाली ती नेमकी डांबरी रस्त्याकडच्या ओळींची.

"विहिरीमागच्या घ्या ना मॅडम," अशोकभाऊ काकुळतीला आले. "तिथं कोण बघतंय?"

एरवी मार्टिन आणि जपानची युको यांचं मीटिंग कधी घ्यायची यावरही एकमत होत नसे. इथे मात्र दोघं एका सुरात म्हणाले, "नाही."

डाऊनी आली. पानांवर तेलकट पिवळे डाग, पानांमागे पांढरी बुरशी. रस्त्याने जाणारा प्रत्येक मोटरसायकलवाला वेग कमी करायचा. "काय अशोकभाऊ, शेती सोडली का?"

त्याच आठवड्यात निफाडकडून शीतलसाठी स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, घरची द्राक्षबाग. रविवारी बघायला येणार. मुलगा आवडल्याचं शीतलने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

मंदावहिनींनी माझा हात धरला. "ताई, आमच्यात पाहुणे आधी बाग बघत्यात, मंग पोरगी. एक फवारा मारू द्या. एकच!"

एक फवारा म्हणजे दोन वर्षांचं काम पाण्यात. मी नाही म्हटलं. मला फार वाईट वाटलं, त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही.

मी सगळं मार्टिन आणि युकोला कळवलं. दोन देशांचा एकही दुरुस्ती न झालेला पहिला संयुक्त मजकूर दीड तासात तयार झाला. मराठी मी केलं. शनिवारी संध्याकाळी रस्त्याच्या कडेला बोर्ड लागला. वर दोन झेंडे, खाली ठळक अक्षरांत: 'या चार ओळी आंतरराष्ट्रीय संशोधनासाठी मुद्दाम रोगट ठेवल्या आहेत. यात बागायतदाराचा काहीही दोष नाही.'

रविवारी मुलाचे वडील गाडीतून उतरले ते थेट बोर्डासमोर. एकदा वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. एक पान उलटं करून पाहिलं. मग घरात येऊन पोहे खाल्ले. शीतलला एक प्रश्न विचारला नाही की अशोकभाऊंशी एक शब्द बोलले नाहीत. अशोकभाऊंचा चेहरा पार उतरला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात नुसत्या उभ्या.

शेवटी मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली.

"पोरगी पसंत हे आम्हाला. देण्याघेण्याचं आमचं काय नाय." मग जरा पुढे सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "फक्त तो बोर्ड तेवढा द्या. आमचीबी बाग रस्त्यालाच हे!"