पुढचं वचन

गेणूला वाचता येत नव्हतं. देवाचं वचन तो कानानं घेई, आणि घेताना त्याची एक अट असे. लोणावळ्याहून शमुवेल मास्तर दर रविवारी मळवलीजवळच्या त्याच्या वाडीत येत, पुस्तक उघडून एक वचन समजावून सांगत. पुढच्या रविवारी गेणू म्हणे, "मास्तर, मागचं झालं न्हाई अजून. पुढचं नगा सांगू."

"पाठ झालं नाही?"

"पाठ त्याच दिशी झालं. करायचं ऱ्हायलंय."

रागाविषयीच्या वचनाला त्यानं अख्खं वर्ष घालवलं. शेजाऱ्याच्या म्हशीनं भाताचं रोप फस्त केलं, तरी दात आवळून गप्प बसला, तेव्हा कुठं पुढं सरकला. मास्तर हसले, "अशानं पुस्तक संपायचं कधी रे?"

"बांधाच्या तालीचा खालचा धोंडा बसल्याबिगर वरचा ठेवत्यात व्हय? ताल फुटंल की."

हे उत्तर मास्तरांना इतकं आवडलं, की लोणावळ्याच्या ख्रिस्ती मंडळीत त्यांनी ते दोनदा सांगितलं.

काही वर्षांपूर्वी मानमोडीच्या तापाच्या साथीत गेणूचा बाप गेला होता. घरातल्या आजाऱ्यांना पाणी पाजायला गावातलं कुणी फिरकेना, तेव्हा मिशनची माणसं आली. गेणू आणि त्याची बायको विठाबाई ख्रिस्ती झाली ती त्यानंतर. बाप जाण्याआधी दोन्ही मुलांना म्हणाला होता, विहिरीजवळचं खाचर थोरल्या कोंडाजीचं, ओढ्याकाठचं गेणूचं, आणि डोंगरउतारावरचं हलकं वरकस रान निम्मं निम्मं. ऐकणारे दोघं भाऊच. कागद कुणी केला नाही, आणि कोंडाजीनं सात-आठ वर्षं तक्रारही केली नाही.

मग शपथेचं वचन आलं. शपथ वाहायचीच नाही. देवाची नाही, कशाचीच नाही. होय असेल तर होय म्हणायचं, नसेल तर नाही. गेणू खूश झाला. "ह्ये सोपं हाय. मी कदी शपथ घेतल्याली आठवत न्हाई." विठाबाईलाही नवऱ्याचा अभिमान वाटला. ओढ्यावर धुणं धुताना ती जावेला सांगून बसली, "आमच्या ह्यांनी आता शपथ कायमची सोडली. मान कापली तरी घ्यायचे न्हाईत."

जाऊ घरी जाऊन नवऱ्याला बोलली. त्याच सुगीत कोंडाजीनं ओढ्याकाठच्या खाचरावर हक्क सांगितला.

भैरोबाच्या देवळापुढं पंच बसले. मावळात अशा तंट्याला रीत एकच: ज्याचं खरं असेल त्यानं देवाचा बेलभंडारा उचलावा. खोटा उचलला तर वंश बुडतो, म्हणून कुणी सहसा खोटा उचलत नाही.

महिपती पाटील म्हणाले, "गेणू, उचल बाबा, आन् मोकळा हो."

"न्हाई, आबा."

"तुजा देव निराळा, ठावं हाय. मग तुजं पुस्तक घे डोक्यावर. आमाला चालंल."

मास्तर पुस्तक घेऊनच आले होते. त्यांनी ते पुढं केलं, आणि हळूच म्हणाले, "घे, गेणू. कोर्टात मोठमोठे ख्रिस्ती घेतात."

"तुमीच सांगितलं हुतं, मास्तर."

"अरे, ते वेगळं."

गेणू पंचांकडं वळला. "खाचर माजं हाय. बा माज्या म्होरं बोलला. व्हय तर व्हय."

"नुसत्या व्हयवर खाचर द्यायचं, तर आदी नंदीबैलाला द्यावं लागंल," पाटील म्हणाले. "त्यो दिसभर व्हयच म्हनतो!"

पंच हसले. हसणं ओसरल्यावर कोंडाजी उठला. त्यानं बेलभंडारा उचलला, आणि खाचर त्याचं झालं.

त्यानंतर मास्तर वाडीत यायचे थांबले. गेणूच चालत लोणावळ्याला निघाला. विठाबाई म्हणाली, "नगा जाऊ. येक वचन लय म्हागात पडलं."

"झालं ना पर त्ये? मग पुढचं ऐकाया नगं?"

मास्तरांनी पानं पुढं उलटली. "आज आपण एखादं भजन शिकू."

"म्होरचंच सांगा."

नाइलाजानं मास्तरांनी सांगितलं. फिर्याद करून कुणी तुझा सदरा घेऊ पाहिला, तर त्याला अंगरखाही देऊन टाक. सांगून झाल्यावर घाईनं म्हणाले, "हे अक्षरशः घ्यायचं नसतं, गेणू."

"रागाच्या टायमाला असं न्हाई म्हनलात."

मास्तरांनी पुस्तक मिटलं.

संध्याकाळी गेणू कोंडाजीच्या दारात उभा राहिला. "दादा, वरकसातला माजा वाटाबी तूच घे." कोंडाजी आधी भ्याला, यात काय डाव आहे ते शोधत राहिला. डाव सापडेना, तेव्हा त्यानं वाटा घेतला.

घरी विठाबाईनं चूल पेटवली नव्हती. "आता म्होरचं काय हाय? बायकू देऊन टाका म्हनतंय?"

"ठावं न्हाई. ह्येच झालं न्हाई अजून."

"अवं, हुती न्हवती ती जिमीन दिलीत! आनिक काय ऱ्हायलं?"

गेणू उंबऱ्यावर बसला. "देताना वाटलं, याचं नरडं दाबावं. असलं देनं देवाच्या हिशेबी धरत न्हाईत, विठे."

विठाबाई तुंगार्लीच्या एका बंगल्यात भांडी घासायला लागली. प्रार्थनेला ती पुन्हा कधी गेली नाही. गेणू रेल्वेच्या गँगमध्ये खडी फोडू लागला. लोणावळ्याच्या मंडळीत मास्तरांनी त्याच्या दानाची गोष्ट सांगितली, ती मंडळींना फार आवडली. गेणू मागच्या बाकावर मान खाली घालून बसला होता.

कोंडाजीचा वंश बुडाला नाही. त्याला दोन नातू झाले, खाचर भरभरून पिकलं.

एका सुगीत गँग मळवलीजवळ काम करत होती. कोंडाजीनं बांधावरून हाक मारली, "गेण्या, ये की! नवा तांदूळ घेऊन जा घरला!" आवाजात खोट नव्हती, म्हातारा झाला होता तो. गेणूच्या मुठीत हातोड्याचा दांडा घट्ट झाला. त्यानं हातोडा खाली ठेवला, 'व्हय, दादा' म्हणायला तोंड उघडलं, आणि पाठ फिरवून रुळाच्या कडेकडेनं चालू लागला.

त्या रविवारी तो लोणावळ्याला गेला नाही. मागचं वचन अजून व्हायचंच होतं.