जोर कमी पडणारं रिव्हॉल्व्हर

नवनगरातले आमचे शेजारी निवृत्त साहेब आहेत आणि परवान्याचं रिव्हॉल्व्हर बाळगतात. त्यांनी आजवर एकही गोळी झाडलेली नाही, तरी गोळीत जोर नाही ही रोजची तक्रार. बेलूरच्या कारखान्यांतल्या एखाद्या लेथवर गोळ्यांचं चक्र कोरून मोठं करून घ्यायचं आणि मोठं काडतूस बसवायचं, हा त्यांचा ध्यास.

“अण्णा, फुटलं तर हात जाईल,” मी रोज सांगतो.

“जाऊ दे की हो! जोर पाहिजे, जोर!”

दर खंडेनवमीला ते रिव्हॉल्व्हरला हळदकुंकू वाहून वर नारळाचं पाणी शिंपडतात. यंदा आदल्या दिवशी लेथवर न्यायला काढलं, तर चक्र गंजून फिरेना.

“पूजा झाली की घासून मोकळं करतो,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नारळ मीच फोडला आणि पाणी सगळं रिव्हॉल्व्हरवर ओतलं. अण्णांनी भक्तिभावानं हात जोडले. दोन्ही जागेवर होते.